आमच्या शांत रस्त्याचं उद्घाटन

माझा मेहुणा नोर्बेर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो तेव्हा मोटारीच्या टपावर सायकल बांधून आणतो. ती तो खाली कधीच उतरवत नाही. पण सूपापासून कॉफीपर्यंत बोलतो ते फक्त सायकलबद्दल. लुआर नदीच्या काठाने कसा गुळगुळीत रस्ता केलाय, तिथे मोटार नाही, ट्रक नाही, दर वळणावर हिरवी पाटी कशी आहे, वगैरे. माझी बायको युगेत हे असं ऐकत असते, जणू ती नदी तिच्या भावानेच खणली.

त्या रविवारी चीजची थाळी फिरत होती आणि नोर्बेर अजून नदीकाठीच होता. मी म्हणालो, "आमच्याकडे त्याहून शांत रस्ता आहे. व्हेर्नोल ते मार्सेजू. सकाळी निघालं की दुपारपर्यंत माणूस दिसत नाही."

"पाटी आहे?" नोर्बेरने विचारलं.

"पाटी कशाला? सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग तो रस्ता नाही, आन्सेल्म. ती नुसती वाट झाली." त्याने चीजचा मोठा तुकडा कापून घेतला. "पाटी लाव, मग सप्टेंबरात आमचा अख्खा क्लब घेऊन येतो."

युगेत हसली. तिने हसायला नको होतं. पस्तीस वर्षं मी चष्म्यांचं दुकान चालवलं, अर्ध्या तालुक्याला मी दृष्टी दिली, आणि माझ्याच टेबलावर माझंच चीज खाऊन हा माणूस माझ्या रस्त्याला वाट म्हणतो! मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "सप्टेंबरात या. पाटी असेल."

आता रस्त्याबद्दल. व्हेर्नोल हे आमचं गाव, मार्सेजू हे टेकडीपलीकडचं. दोघांमधला हा रस्ता चेस्टनटच्या झाडांतून, तळ्याच्या कडेने, शोमेलच्या गोठ्यावरून जातो. दोन्ही गावांची हद्द याच रस्त्याच्या बरोबर मधोमध आहे. डावी बाजू व्हेर्नोलची, उजवी मार्सेजूची. व्हेर्नोलच्या महापौर बेर्तीलबाई, मार्सेजूचे महापौर गास्पार. दोघं सख्खी बहीणभाऊ, आणि आईच्या दफनापासून एकमेकांशी एक शब्द बोललेली नाहीत. त्यामुळे बेर्तीलबाई आपल्या अर्ध्यातले खड्डे खडीने भरतात, गास्पार आपल्या अर्ध्यातले डांबराने, आणि वर्षं गेली तशी मधोमध चांगली पायरी तयार झालेली. मोटार घातली तर ती एका अंगावर कलंडून चालते आणि ड्रायव्हर शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून बसल्यासारखा दिसतो. अब्रूदार माणसं म्हणून टेकडीला वळसा घालून मोठ्या रस्त्याने जातात. शांतता होती ती अशी. पण हे कारण मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. मला ते निसर्गाचं देणं वाटत होतं.

आमच्या गावात बेकरी नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी चौकात पावाची गाडी येते, आणि गावाचा सगळा राज्यकारभार तिच्या रांगेत चालतो. मी त्या शुक्रवारी थेट सायकलवरून, सायकलीच्या पोशाखातच रांगेत उभा राहिलो. हा पोशाख म्हणजे एक अंगाला चिकटलेली काळी चड्डी, आणि तिच्यात बसायच्या जागी शिवलेली गादी. माणूस सायकलवर असताना ती फार शास्त्रशुद्ध दिसते. उतरला की तसं राहत नाही.

"मस्यू तुर्नाद," शेजारच्या झेलीआजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "घरून घाईत निघालात का?"

"सायकलचे कपडे आहेत, आजी."

"सायकलने घालावेत मग."

मी विषय बदलून पाटीची योजना मांडली. रांगेने ती लगेच आपल्या ताब्यात घेतली. एक म्हणाला, पाटी लाकडाची हवी. दुसरा म्हणाला, लाकडाला सुतार पक्षी लागतो. झेलीआजींचं मत पडलं की पाटी लावली तर पॅरिसची माणसं येतील, आणि पॅरिसची माणसं आली की कोंबडा आरवला म्हणून तक्रार करतील. शोमेल हा गाईबैलांचा मालक, दोन बोटांत पाव पिळून ताजा आहे की नाही बघत म्हणाला, "पाटी लावा, नाहीतर नका लावू. माझ्या गाई दिवसातून चारदा तो रस्ता ओलांडतात. त्यांना वाचता येत नाही."

मी शहरातल्या कार्यालयाला फोन केला. सायकलींच्या शांत रस्त्यांसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात मादाम काझनाव म्हणून एक अत्यंत गोड आवाजाच्या बाई आहेत. त्या आवाजात त्यांनी मला काय काय नाकारलं, ते मला फोन ठेवल्यावर कळायचं. त्या म्हणाल्या, "किती सुंदर कल्पना, मस्यू! फक्त रस्ता शांत आहे, हे आधी मोजावं लागेल."

मोजायला त्यांची माणसं रस्त्यावर एक रबरी नळी आडवी टाकून गेली. तिच्यावरून चाक गेलं की खांबाच्या पेटीत नोंद होते. आठवडाभराने मादाम काझनावांचा फोन आला. आवाज तोच, पण जरा चिंतेतला.

"मस्यू तुर्नाद, तुमच्या रस्त्यावरची अवजड वाहतूक महामार्गाच्या वर गेलीय हो."

"अहो, शक्यच नाही!"

"यंत्राची चूक होत नाही. मोठमोठे ट्रक आहेत. सावकाश जातात, ओळीने जातात, आणि काही तर नळीवर बराच वेळ उभे राहतात."

मी शोमेलकडे गेलो. तो गोठ्याच्या दारात उभा होता. मी म्हणालो, "तुमच्या गाईंना कार्यालयाने ट्रक ठरवलंय."

त्याने गाईंकडे जरा अभिमानाने बघितलं. "वजन भरलंयच यंदा," तो म्हणाला.

दुसऱ्या मोजणीला मी स्वतः पहारा केला. शोमेलने मेहेरबानी म्हणून गाई आठवडाभर एकाच कुरणात ठेवल्या. पोस्टमनला मी हात जोडून मोठ्या रस्त्याने पाठवलं. एक कुत्रं आलं, त्याला नळीवरून उचलून पलीकडे नेलं. नळीवर पडलेली पानंसुद्धा मी वेचली. आकडा आला शून्य. मी जिंकल्याच्या थाटात फोन उचलला.

"अभिनंदन!" मादाम काझनाव म्हणाल्या. "पण ज्या रस्त्याने कुणीच जात नाही, त्यावर पाटी लावायला आम्हाला परवानगी नाही. थोडीतरी मागणी दिसायला हवी."

"थोडीतरी म्हणजे किती?"

"ते सांगता येत नाही. जास्त नको, आणि कमी नको."

तिसरी मोजणी झाली ती आमच्या गावाच्या सहकार्याने. माझी नवी सायकल, युगेतची जुनी, झेलीआजींची तीनचाकी, पाववाल्याची गाडी, सगळे पाळीपाळीने नळीवरून गेले. उत्साहाच्या भरात कुणी तरी स्वयंपाकघराचं चाकं लावलेलं टेबलही नेलं. दुपारी उन्हातून मी स्वतः इतक्या फेऱ्या मारल्या की संध्याकाळी मला खुर्चीवर बसता येईना. गादी शास्त्रशुद्ध नव्हती, हे मला तेव्हा समजलं. पण आकडा बरोबर बसला. आता फक्त दोन्ही महापौरांची संमती हवी होती, आणि रस्ता सपाट हवा होता.

बेर्तीलबाई नगरसभेच्या कचेरीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी झारी खाली ठेवली नाही. "माझी काही हरकत नाही. त्या माणसाला सांगा, आधी त्याने आपली बाजू खाली घ्यावी."

मी सायकल काढली, टेकडी चढलो, मार्सेजूला गेलो. गास्पार लाकडं फोडत होते. तेच शब्द त्यांना सांगितले. "त्या बाईंना सांगा," ते कुऱ्हाडीकडे बघत म्हणाले, "खाली घ्यायचं माझ्या स्वभावात नाही. त्यांनी वर यावं."

मी परत निघालो. त्या उन्हाळ्यात मी सायकल चालवली ती अशी. पोट कमी झालं, मान वाढला असं मात्र म्हणता येणार नाही. बेर्तीलबाईंनी एक दिवस आपली बाजू डांबर टाकून वर आणली, ती भावापेक्षा बोटभर जास्त. पुढच्या आठवड्यात गास्पारनी त्यावर बोटभर चढवली. पायरी राहिली, फक्त बाजू बदलत गेली. झेलीआजी म्हणाल्या, असंच चाललं तर नाताळपर्यंत सायकलवाल्यांना पुलावरून गेल्यासारखं वाटेल. पाटीवर आधी व्हेर्नोल लिहायचं की मार्सेजू, यावर दोन आठवडे गेले. शेवटी पाट्या दोन ठरल्या. एकीकडून वाचलं की व्हेर्नोल आधी, दुसरीकडून वाचलं की मार्सेजू.

ऑगस्ट संपत आला. नोर्बेरचा फोन आला की क्लबातली सगळी माणसं येणार, तू तयार आहेस ना. मी तयार आहे असं म्हणालो. फोन ठेवल्यावर युगेत म्हणाली, "आन्सेल्म, सांगून टाक की जमलं नाही. नोर्बेर दोन वर्षं हसेल, मग थांबेल."

दोन वर्षं मला परवडणारी नव्हती. मी त्याच दुपारी बेर्तीलबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "गास्पारनी हार मानली. ते म्हणाले, बहीण मोठी आहे, तिच्या उंचीला माझी बाजू आणतो." मग टेकडी ओलांडली आणि गास्पारना सांगितलं, "बेर्तीलबाईंनी हार मानली. म्हणाल्या, भावाची उंची मला मान्य आहे."

बेर्तीलबाईंनी त्या दिवशी झारी खाली ठेवली, एवढं मला आठवतं. गास्पार नुसते म्हणाले, "बेर्तील असं म्हणाली?" आणि पुढचं लाकूड फोडायचं विसरून घरात गेले. दोघांनीही होकार दिला, आणि पुढच्या सोमवारी एकाच रोलरने दोन्ही बाजू एकदम दाबल्या. रस्ता टेबलासारखा सपाट झाला. मी त्यावर बोट फिरवून बघितलं. वाटलं, खोटं बोललो खरं, पण काम किती गुळगुळीत झालं!

उद्घाटन रविवारी सकाळी. मिरवणूक कुठल्या गावातून निघावी यावर मी परत निरोप्या झालो असतो, म्हणून मी दोन्हीकडून निघावी असं ठरवलं. तळ्यापाशी भेटायचं, तिथे मादाम काझनाव फीत कापतील. कागदावर हे छान दिसत होतं.

नोर्बेरचा क्लब आला तो मोटारींतून, आणि प्रत्येक मोटारीच्या टपावर सायकल. त्यांनी मोटारी गावात लावायच्या होत्या, पण नवा सपाट रस्ता दिसल्यावर एकाने आत घातली आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे. त्यांच्यामागे अग्निशमन दलाचा बँड, त्यांच्या मोठ्या लाल गाडीसकट. त्यामागे पाववाला, कारण गर्दी आहे म्हणजे भूक असणार. पलीकडून मार्सेजूची शिकारी मंडळी जीपांतून, शाळेची बस भरून गायनमंडळ, आणि सगळ्यांच्या पुढे गास्पार आपल्या व्हॅनमध्ये. हे सगळे तळ्यापाशी एकमेकांच्या नाकासमोर येऊन थांबले. दोन्हीकडे चर. वळायला जागा नाही. आणि मध्ये, बरोबर वेळेवर, शोमेलच्या गाई.

मी गर्दीत मधोमध सायकल धरून उभा होतो. त्या पोशाखात. कुणीतरी हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवले. बँडला वाटलं हीच सुरुवात, त्यांनीही वाजवलं. एक गाय फितीला शिंगं लावून फीत घेऊन तळ्याकडे निघून गेली, आणि मादाम काझनाव हातात कात्री घेऊन त्या गोड आवाजात कुणाला तरी विचारत राहिल्या, "हे असंच असतं का तुमच्याकडे?"

नोर्बेरने मोटारीची काच खाली केली. "रस्ता फार शांत आहे, आन्सेल्म. पार्किंग कुठाय?"

मी उत्तर देणार, इतक्यात बेर्तीलबाई आपल्या छोट्या मोटारीतून उतरून गाईंना ढकलत पुढे आल्या. समोरून गास्पार उतरले. दोघंही सणाच्या कपड्यांत, छातीवर महापौरांचा तिरंगी पट्टा. कितीतरी वर्षांनी ती दोघं समोरासमोर उभी होती. बेर्तीलबाईंनी मोठेपणाने हात पुढे केला.

"गास्पार, तू हार मानलीस, हे मला आवडलं."

"मी?" गास्पार म्हणाले. "हार तू मानलीस. तुर्नाद सांगत होता."

"तुर्नाद मला म्हणाला की तू..."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या मोटारींतून माझ्याकडे पाहिलं. गाईंनीसुद्धा. अशा वेळी माणसाला वाटतं की अंगावर निदान खिसे असलेली पँट असावी, हात घालायला तरी.

"आवाज करू नका रे!" बेर्तीलबाई बँडवर ओरडल्या. बँड थांबला. मग त्या भावाकडे वळल्या. मला वाटलं आता माझा निकाल लागेल, पण मी कुणाच्या लक्षातही उरलो नव्हतो. "तू कशाला हार मानशील! त्या हिवाळ्यातही नाही मानलीस. आई आजारी, डॉक्टरची गाडी इथेच अडकली, याच वळणावर, आणि तुझ्या अर्ध्या रस्त्यावर गुडघाभर बर्फ!"

"आणि तुझ्या अर्ध्यावर?"

"माझ्यावरही होतंच!" त्या किंचाळल्या. "मला वाटलं तू काढशील! नेहमी तूच काढायचास, फावडं घेऊन, सकाळी सकाळी!"

गास्पारनी टोपी काढली. "मी झोपलो होतो, बेर्तील. रात्रभर आईपाशी बसलो होतो ना आदल्या दिवशी. मला वाटलं, आज तू काढशील."

कुणी हॉर्न वाजवला नाही. पाववाल्याने इंजिन बंद केलं. एक शिकारी खाली मान घालून बुटाने डांबर खरवडत राहिला. बेर्तीलबाईंनी छातीवरचा पट्टा सरळ केला. मग म्हणाल्या, "डॉक्टर येऊनही काय करणार होता म्हणा. नव्वद झाली होती तिला."

"डॉक्टर आला असता तर त्यालाच चार गोष्टी सुनावल्या असत्या तिने."

"बूट पुसून ये म्हणाली असती."

दोघं हसली, आणि मग बेर्तीलबाईंचं हसणं मध्येच मोडलं. गास्पारनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जरा अवघडत, जणू ते कसं करतात हे विसरले होते. चर्चच्या घंटेने बारा वाजवले. आमच्याकडे बारानंतर कुणीही रडत उभं राहत नाही. बेर्तीलबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "जेवणाचं काय केलंयस?"

"काही नाही. उद्घाटनाला खायला असेल वाटलं."

"बटाटे भरून भाजलेला पाते आहे घरी. वरून ओतायला साय वेगळी ठेवलीय. चल."

आणि ती दोघं निघून गेली, पायी, गाईंच्या मागून. मागे दोन गावांच्या गाड्या एकमेकींत अडकून राहिल्या. त्या सुटायला संध्याकाळ झाली. पाववाल्याचा सगळा माल संपला. नोर्बेरच्या क्लबने चरात बसून वाइन प्याली. सायकल टपावरून कुणीही उतरवली नाही.

पाट्या लागल्या. त्यानंतर काय झालं ते सांगतो. गास्पार रोज बहिणीकडे जेवायला येऊ लागले, बेर्तीलबाई संध्याकाळी पत्ते खेळायला मार्सेजूला जाऊ लागल्या. महापौर जातात म्हटल्यावर दोन्ही गावांना धीर आला. गायनमंडळाचा सराव आमच्याकडे, शिकाऱ्यांची सभा त्यांच्याकडे, शाळेची बस याच रस्त्याने. मार्सेजूच्या एका विधुराचं आमच्या झेलीआजींशी काहीतरी सुरू आहे, त्याची मोपेड सकाळ-दुपार. जो रस्ता मला निसर्गाचं देणं वाटला होता, तो दोन माणसांच्या अबोल्यावर टिकला होता, आणि तो अबोला मी माझ्या हाताने मोडला. वसंतात मादाम काझनावांचा फोन आला की वाहतूक फार वाढलीय, पाट्या काढाव्या लागतील, किती वाईट वाटतं हे सांगता येत नाही. नोर्बेरला युगेतने सांगितलं. त्याने हसायला सुरुवात केलीय.

परवा मी त्या रस्त्याने निघालो होतो. आधी मोपेड, मग बस, मग गवताची ट्रॉली. तिसऱ्यांदा चरात उतरून सायकल धरून उभा असताना मागून गास्पारची व्हॅन आली आणि थांबली. पुढच्या सीटवर फडक्यात गुंडाळलेला मोठा पाते होता, त्याला सीटचा पट्टा बांधलेला.

"तुर्नाद!" ते म्हणाले. "चरात काय करताय?"

"तुम्हाला वाट देतोय. रोज देतोय. माझ्या शांत रस्त्याचं तुम्ही वाटोळं केलंत, गास्पार."

"हो, केलं खरं," त्यांनी मान्य केलं. "सायकल मागे टाका. आज पाते मी केलाय, बेर्तील नावं ठेवणार. साक्षीदार हवा मला. आणि युगेतला फोन करा, तिलाही बोलवा."

मला रागवायचं होतं. पण वास आला. सायकल मागे टाकली, पट्टा सोडला आणि पाते मांडीवर घेऊन बसलो. तो चांगलाच गरम होता, आणि त्या चड्डीचं कापड उन्हासाठी केलेलं आहे, भट्टीसाठी नाही. तळ्याच्या वळणावर पुढे एक परका सायकलवाला आडवा आला. मधोमध, अगदी सावकाश, डोकं वर करून झाडं बघत चाललेला. जागा सोडायचं नाव नाही. गास्पार त्याच्यामागे गोगलगायीसारखी व्हॅन हाकत राहिले. माझ्या मांडीला चटके बसत होते, साय पातळ होऊन फडक्यातून गळायला लागली होती.

"बघता काय?" मी म्हणालो. "हॉर्न वाजवा!"